मानेची फिल्म

ता. ५ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. म्हणजे आपल्या घरात हल्ली बरे ज्याला म्हणतात तसे. तुझं पत्र आणि भाऊजींनी टाइप करून पाठवलेला, हॉस्पिटलविरुद्धच्या तक्रारीसाठीचा प्रतिज्ञापत्राचा मसुदा, दोन्ही पोचलं.

आधी एक दुरुस्ती. तू सांगितलंस म्हणून बाबांच्या आजाराची तारीखवार हकीकत मी जानेवारीत लिहून पाठवली होती. तिच्यात दोन मेच्या नोंदीत मी लिहिलंय की मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत बाबा, आई आणि मी असे तिघं होतो. ते चूक आहे. आई खोलीत नव्हती. दाराशी गेल्यावर तिला घाबरल्यासारखं झालं आणि ती बाहेरच्या बाकावर बसली. तिच्या मांडीवर बाबांचा स्वेटर होता, त्याच्या बाहीचा एक सुटलेला धागा ती बोटाला गुंडाळत होती. आत गेलो ते बाबा आणि मी. मसुद्यातल्या दुसऱ्या कलमात ‘आम्ही तिघांनी समक्ष ऐकले’ असं आलंय, ते बदलावं लागेल.

एवढ्यासाठी पत्र कशाला, फोन करायचा, असं तू म्हणशील. पण फोनवर तू मधे बोलतेस, आणि तू बोललीस की मला तुझंच बरोबर वाटायला लागतं. हे आजचं नाही. कमरेच्या प्लास्टरमुळे मी आठ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. माझी पाटी, माझी शाळा, माझ्या मास्तरीणबाई, सगळं तूच होतीस. शाळेतून आलीस की दप्तर खाली ठेवायच्या आधी माझी वही बघायचीस. रबर मात्र हातात देत नव्हतीस. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी बरोबर शब्द लिहायचा. “खोडून टाकलंस तर तू कुठे चुकतेस ते मला कसं कळणार?” असं म्हणायचीस. तू तेव्हा पंधरा वर्षांची होतीस आणि मला तू पन्नाशीची वाटायचीस.

तर हे पत्र तसंच समज.

बाबांचं सांगते. वॉकर घेऊन ते आता पुढच्या दारापर्यंत जातात आणि तिथून रस्त्याकडे बघत उभे राहतात. व्यायाम करून घ्यायला बाई येतात त्या म्हणतात पाय अजून सुधारतील. बोटांबद्दल त्या काही बोलत नाहीत. शर्टाची बटणं मी किंवा आई लावते. परवा आई घाईत होती, तिने एक बटण वरखाली लावलं. बाबा म्हणाले, “अगं, माझ्या हातून अशी कवळी गेली असती तर गिऱ्हाइकाने जेवणच सोडलं असतं.” आईही हसली. मग ती आत गेली आणि बराच वेळ नळ वाहत होता.

बाबांचं कवळ्या करायचं टेबल अजून पुढच्या खोलीतच आहे. अवजारं गेली, मेणाच्या पेट्या गेल्या, पॉलिशची मोटर गेली. टेबल दारातून निघेना म्हणून राहिलं. बाबा दुपारी त्याच्यापुढे बसतात.

शुक्रवारी वकीलबाईंकडे सही करायला जायचं होतं. मी गेले नाही. मला कणकण आहे म्हणून तुला कळवलं. मला कणकण नव्हती. ही दुसरी दुरुस्ती.

खरं म्हणजे त्याच्या आधीच्या सोमवारी मी त्यांच्याकडे जाऊन आले होते, तुला न सांगता. त्यांची खोली जिन्याखाली आहे, उभं राहिलं तर डोकं लागतं, त्यामुळे आलेला प्रत्येक माणूस आधी वाकतो. मला एकच गोष्ट विचारायची होती. चुकीचं निदान झालं म्हणजे निष्काळजीपणा झालाच असं असतं का?

त्या म्हणाल्या, “नाही हो. डॉक्टर चुकू शकतो. चुकला म्हणून गुन्हेगार होत नाही. जे एखाद्या साध्या, नीट काम करणाऱ्या डॉक्टरने केलंच असतं, ते याने केलं का, एवढंच बघतात. इथे मानेचा एमआरआय करायलाच हवा होता. मानेत मज्जारज्जू दाबला गेला तर हातपाय अगदी असेच जातात. ते आधी तपासून बाजूला काढल्याशिवाय यांनी सांगितला तो मोटर न्यूरॉनचा आजार म्हणायचाच नाही, असा त्यांच्यात नियम आहे. यांनी तो सांगितलाच नाही. आपलं काम सरळ आहे.”

मी म्हटलं, “आणि समजा सांगितला असेल तर?”

“‘समजा’ हा माझ्याकडे रोज येतो,” त्या म्हणाल्या, “आणि रोज मी त्याला बाहेर बसवते. तुमच्या हकिकतीत सांगितला नाही असं आहे. तुमची ताई तसं म्हणते. हॉस्पिटलही आता तेच म्हणतंय. मग कोण उरलं?”

उरलं कोण ते त्यांनी मला लगेच दाखवलं. चौकशी समितीपुढे हॉस्पिटलने दिलेलं उत्तर त्यांच्याकडे आलंय. त्यात लिहिलंय की मानेची तपासणी सुचवण्याची जबाबदारी संबंधित निवासी डॉक्टरांची होती, ती त्यांनी पार पाडलेली दिसत नाही, सबब त्यांना डिसेंबरपासून कामावरून दूर केलं आहे. एमआरआय मशीनच्या खोलीतली रजिस्टरं एक वर्षापुरतीच ठेवतात, त्यामुळे जुनी नोंद उपलब्ध नाही. खाली त्या डॉक्टरांचं एक पानी निवेदन जोडलंय. तुला ते आठवतील. शर्टाच्या खिशात तीन पेनं, आणि लिहायला लागले की तिन्ही बंद. बाबा त्यांना ‘तीन पेनं’च म्हणायचे. त्यांनी लिहिलंय, “मी मेंदू व मान अशा दोन्हींची चिठ्ठी दिली होती. दोन मे रोजी विचारले असता रुग्णाच्या मुलीने मानेचा एमआरआय झाला असून त्यात काही निघाले नाही असे सांगितले.”

वकीलबाई म्हणाल्या, “आता स्वतःला वाचवायला तो काहीही लिहील. तुमचं प्रतिज्ञापत्र आलं की हे पान निकालात.”

ताई, ते पान खरं आहे.

मी हे वाक्य लिहून उठले, पाणी प्यायले, गॅस बंद आहे का बघितला. बंद होता. परत येऊन बसले आणि पुन्हा एकदा उठून बघितला. बाबा मला तपासनीस म्हणतात ते तुला माहीत आहे. कडी तीनदा बघणारी, दुधाच्या पिशवीवरची तारीख दुकानदाराला वाचून दाखवणारी. तीच मी.

आता क्रमाने लिहिते.

दोन वर्षांपूर्वीच्या पंचवीस एप्रिलला सकाळी बाबांना मशीनच्या खोलीत घेऊन गेले. तू तेव्हा घरी येत नव्हतीस. कवळ्यांचं काम सोडून तू नोकरी धरलीस म्हणून बाबा तुझ्याशी चार वर्षं बोलत नव्हते, त्यातलं ते शेवटचं वर्ष. आई घरी होती. गुलाबी चिठ्ठीवर दोन खुणा होत्या, मेंदू आणि मान. तिथे आत झोपवतात, तोंडावर जाळीसारखं काहीतरी बसवतात आणि हातात एक रबरी फुगा देतात. अगदीच सहन झालं नाही तर दाबायचा. बाबा जाताना मला म्हणाले, “उभ्या आयुष्यात मी लोकांच्या तोंडात साचे कोंबले. आज माझी पाळी.”

वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. मग मशीनचा आवाज थांबला आणि आतला माणूस बाहेर आला. “तुमचे वडील आहेत का? जरा या.” मेंदूचं झालं होतं. मानेचं सुरू करायच्या वेळी बाबांनी फुगा दाबला होता आणि बाहेर काढेपर्यंत दाबतच राहिले होते. मी आत गेले तेव्हा ते कडेला बसले होते. त्यांचा पायजमा ओला होता. ते रडत होते, ताई. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. मी आपल्या बाबांना तसं कधी बघितलं नव्हतं आणि त्यांनीही मला बघताना बघितलं.

मशीनवरचा माणूस चांगला होता. म्हणाला, होतं असं बऱ्याच जणांना, झोपेचं औषध देऊन पुन्हा करू, डॉक्टरांना ही चिठ्ठी दाखवा. त्याने चिठ्ठीवर मान या शब्दापुढे लिहिलं, ‘रुग्णाने थांबवले. पुन्हा बोलवावे.’ मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. बाबांना माझी ओढणी कमरेला गुंडाळायला दिली. रिक्षात ते म्हणाले, “हे कुणाला सांगायचं नाही. तुझ्या आईला नाही, कुणालाच नाही. पुन्हा मी त्यात जाणार नाही. डोक्यात काय असेल ते दिसलंच असेल, मानेला काय झालंय?” मी हो म्हटलं.

दोन मेला मोठे डॉक्टर बाबांच्या हाताच्या नसांच्या तपासणीचे कागद बघत होते. अंगठ्याखालचं मांस गेलं होतं ते त्यांनी चिमटीत धरून बघितलं. ‘तीन पेनं’ कोपऱ्यातल्या छोट्या टेबलावर सारांशाचा कागद भरत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, “मेंदूचा ठीक आहे. मानेचाही झाला ना?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, “हो, झाला.”

“काही म्हणाले?”

“काही नाही म्हणाले.”

त्यांनी लिहून टाकलं. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाही वेळ लागला नसेल. मग मोठे डॉक्टर बोलायला लागले. मोटर न्यूरॉनचा आजार आहे, औषध नाही, हळूहळू सगळे स्नायू जातील, दोन वर्षं, फार तर तीन. बोलता बोलता त्यांनी सारांशावर सही केली. कागद वाचला नाही.

आपल्या घरात डबीचा नियम कसा होता ते तुला सांगायला नको, पण सांगते, कारण माझ्या डोक्यात त्या दिवशी तोच होता असं मला वाटतं. ज्याने कवळी केली त्याने ती तपासायची नाही. दुसऱ्याने जबड्याच्या यंत्रावर लावून बघायची आणि बसली तर ‘बसली’ म्हणायचं. एकदा दुसरा ‘बसली’ म्हणाला की कवळी डबीत आणि डबी बंद. नंतर कितीही शंका आली तरी बंद डबी उघडायची नाही, नाहीतर काम कधी दाराबाहेर पडणारच नाही. बाराव्या वर्षापासून ‘बसली’ मी म्हणते आहे. तू म्हणायचीस तेव्हा बाबा तरी पुन्हा एकदा बघायचे, कारण तू घाई करायचीस. माझ्यानंतर कधी बघितलं नाही. त्या संध्याकाळी मी चिठ्ठीचा विषय काढायला गेले तर ते म्हणाले, “आता डबी बंद झाली. उघडू नकोस.”

इथवर मी स्वतःला थोडं समजावू शकते. घाबरलेल्या बापाला दिलेला शब्द, एका क्षणाची गोष्ट, वगैरे. पुढचं समजावता येत नाही.

सारांशाचा तो कागद घरी फायलीत होता. जूनच्या मध्यावर विम्याच्या कामासाठी मी फाइल काढली. त्यात छापल्यासारख्या अक्षरात होतं, ‘एमआरआय मेंदू व मान : नॉर्मल.’ मी ते वाचलं. दहा-बारा वेळा वाचलं. तेव्हा बाबांचे हात अजून बरेच चालत होते, चमचा धरता येत होता, चाकू धरता येत होता. तेव्हा बोलले असते तर. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी मला सांगितलंय की पहिल्या सहा महिन्यांत आले असते तर बोटं बहुतेक वाचली असती. बहुतेक हा शब्द त्यांनी वापरला, मी त्यात भर घातलेली नाही.

का बोलले नाही? मी स्वतःला सांगितलं की एवढे मोठे डॉक्टर, त्यांनी नसांची तपासणी बघून सांगितलंय, मानेने काय फरक पडणार. सांगितलं की बाबांनी आता मनाची तयारी केली आहे, ती कशाला मोडायची. आणि तू परत यायला लागली होतीस, ताई. दर दुसऱ्या शनिवारी. बाबा तुझ्याशी बोलत होते, तुझ्या हातचं जेवत होते. मरणार म्हणून त्यांनी तुला माफ केलं, की तू त्यांना, ते मला कळलं नाही, पण घर भरलं होतं. ही सगळी कारणं खरी आहेत. त्यांच्या खाली एक कारण आहे ते एवढंच की मी पकडले गेले असते.

मग तेरा महिने आपण एका माणसाला निरोप देत बसलो. बाबांनी अवजारं वाटून टाकली. एकेका दातांच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं की आता माझ्याकडून कामं येणार नाहीत. हात अगदी जायच्या आधी त्यांनी आईसाठी एक अख्खी कवळी केली, ती तुला माहीत आहे. “पुढे लागेल तुला, तेव्हा मी नसेन.” आई म्हणाली, “माझे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत, आणि तुम्ही आधी माझे दात पाडा मग मरा.” रिकाम्या हिरडीचा साचा घेतल्याशिवाय कवळी बसत नाही हे बाबांना आपल्या सगळ्यांहून जास्त माहीत. तरी केली. तीन आठवडे लागले. तिला ‘बसली’ मी म्हटलं.

आणि गेला जुलै. बाबा पडल्यावर त्यांना ज्या बाईंकडे नेलं त्या डॉक्टरणीने फाइल उघडलीच नाही. आधी हातोडीने गुडघे, कोपरं तपासली, तळपायावर किल्ली ओढली आणि विचारलं, “मानेची फिल्म कुठे आहे?” मी सारांश पुढे केला. “कागद नको. फिल्म.” मी म्हटलं घरी असेल. घरी आल्यावर आईने दोन दिवस फिल्म शोधली. कपाटं रिकामी केली. गाद्या उलथ्या केल्या. माळ्यावर चढली, तिच्या गुडघ्यांनी. तुझ्या लग्नाच्या पेटीच्या तळाशी घातलेलं वर्तमानपत्रसुद्धा उचलून बघितलं. आणि मी तिच्याबरोबर शोधत होते, ताई. खाली उभी राहून स्टूल धरत होते आणि म्हणत होते, “त्या पेटीमागे बघितलंस का?” जी फिल्म कधी निघालीच नव्हती ती. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, “माझ्याच हातून कुठेतरी गेली. मला काही ठेवता येत नाही.” अजून तिला तसंच वाटतं. नातेवाइकांना सांगते, मी फिल्म हरवली म्हणून दोन दिवस वाया गेले.

शेवटी मानेची फिल्म काढली तेव्हा काय दिसलं ते तुला माहीत आहे. मोटर न्यूरॉन वगैरे काही नव्हतं. मानेत मणका सरकून मज्जारज्जू दाबला गेला होता. ऑगस्टात ऑपरेशन झालं, बाबा मरणार नाहीत असं सगळ्यांनी आपल्याला सांगितलं, आणि तू व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसलीस. त्याच आठवड्यात तू तक्रारीचं ठरवलंस. तू विचारलंस, “त्यांनी मानेचा सांगितलाच नव्हता ना?” तुझा प्रश्नच असा होता की मला फक्त मान हलवायची होती. जानेवारीत तेच मी सुवाच्य अक्षरात लिहून पाठवलं. ही तिसरी दुरुस्ती, आणि सगळ्यात मोठी. मसुद्यातलं तिसरं कलम, ‘सदर तपासणी डॉक्टरांनी कधीही सुचवली नाही’, हे खोटं आहे. ते माझं खोटं आहे, तुझं नाही. तू माझ्यावर विश्वास ठेवलास एवढंच.

रविवारी मी बाबांशी बोलले. ते टेबलापुढे बसले होते. मी म्हटलं, “बाबा, तो मशीनचा दिवस.”

“कुणाला सांगितलंस?”

“अजून नाही.”

“मग आता कशाला?”

मी ‘तीन पेनं’चं सांगितलं. नोकरी गेली, त्यांचं पान खोटं ठरणार आहे आणि ते ठरणार आहे माझ्या सहीने. बाबा बराच वेळ बोटं टेबलावर सरळ करायचा प्रयत्न करत होते. मग म्हणाले, “एक मला सांग. फिल्म नव्हती हे त्यांना दिसलं नसेल? आपण एवढीशी कवळी बाहेर सोडताना दोघं बघतो. तिथे केवढी माणसं. मला वाटलं, आपण काही बोललो तरी कुणीतरी बघेलच. एकदा वाटलं, बघितलं असेल आणि गरज नाही म्हणून सोडून दिलं असेल. मी वाट बघत होतो की कोणीतरी बोलावेल. बोलावलं असतं तर गेलो असतो मी. शिव्या देत गेलो असतो.”

मला हे माहीत नव्हतं. चौदा महिने तेही वाट बघत होते.

मी म्हटलं, “मी चिठ्ठी देऊन टाकणार आहे. आणि खरं काय ते लिहून.”

“लिही. पण मी भ्यालो असं लिहू नकोस. पाठ दुखत होती म्हणून उतरलो, असं लिही.”

“नाही बाबा.”

“एवढंसं तर आहे.”

“तेही एवढंसंच होतं.”

ते म्हणाले, “तू थोरलीवर गेलीस,” आणि तोंड फिरवलं. सोमवार-मंगळवार माझ्याशी बोलले नाहीत. बटणं आईकडून लावून घेतली. आज सकाळी शर्ट घेऊन माझ्यापुढे येऊन उभे राहिले, न बोलता. मी बटणं लावली. शेवटच्या बटणाला म्हणाले, “पायजम्याचं नको लिहूस. बाकी लिही.” ते मी निवेदनात लिहिणार नाही. तुला लिहिलं, कारण तुला सगळं कळल्याशिवाय तू मला काय म्हणायचं ते ठरवू शकणार नाहीस. आईला अजून काही सांगितलेलं नाही. शनिवारी सांगेन. फिल्म तिने हरवली नाही, एवढं तरी तिला आधी कळलं पाहिजे.

आता तुझा प्रश्न, म्हणजे आपल्या सगळ्यांचा. हा निष्काळजीपणा आहे की नाही? मी खोटं बोलले म्हणून तो निष्काळजीपणा ठरत नाही, असं आता ते म्हणतील. वकीलबाईंनाही तशीच भीती वाटेल. मी त्यावर खूप विचार केलाय, करायला माझ्याकडे दुसरं काही नसतं. एका घाबरलेल्या मुलीने तोंडी ‘झाला’ म्हटलं आणि एका डॉक्टरने ‘नॉर्मल’ लिहिलं. नॉर्मल हा शब्द फिल्म बघूनच लिहायचा असतो. मी तर तो शब्द उच्चारलाही नव्हता. मोठ्यांनी न वाचता सही केली. त्यानंतर तीनदा तपासायला बोलावलं आणि तिन्ही वेळा ती ओळ आधीच्या कागदावरून पुढच्या कागदावर उतरवली गेली. मी खोटं एकदा बोलले, त्यांनी ते चार वेळा लिहिलं. आणि आता ज्याने निदान चिठ्ठी तरी दिली होती, त्यालाच त्यांनी पुढे ढकललंय. म्हणून माझ्या मते आहे. निष्काळजीपणा आहे. पण त्यातला माझा वाटा बाजूला काढून उरलेला त्यांच्या नावावर टाकायचा, तर तो नीट मोजून टाकला पाहिजे, आणि मोजायचं तर सगळं टेबलावर ठेवायला लागेल. समितीला वेगळं वाटलं तर तसं. तक्रार पडली तर तू तीन वर्षं माझ्याशी बोलणार नाहीस, हे मी धरून चालले आहे. चार झाली तरी तुझी चूक म्हणणार नाही. फक्त बाबांकडे येणं सोडू नकोस. ते यात मरता मरता राहिलेले आहेत, आणि राहिलेल्या माणसाला भेटायला लोक कमी येतात.

तुला एका गोष्टीचं वाईट वाटेल, ते मला माहीत आहे. चिठ्ठी माझ्याकडे सगळा वेळ होती. अजून आहे, मधल्या घडीवर थोडी फाटली आहे, पण दोन्ही खुणा आणि मशीनवरच्या माणसाचं अक्षर स्पष्ट वाचता येतं. मी तिची झेरॉक्स काढून या पाकिटात ठेवली आहे. माझ्या निवेदनाचीही प्रत ठेवली आहे. चार पानं आहेत. त्यात जिथे चुकले तिथे एक रेघ मारली आहे, नवीन कागद घेतला नाही.

पाकीट तुला शनिवारपर्यंत, फार तर सोमवारी मिळेल. तुला रागावायला मधे तीन-चार दिवस राहतात. फोन करू नकोस असं सांगायचा मला हक्क नाही. पण केलास तर मी ऐकेन, आणि ऐकलं तर पुन्हा मान हलवीन, हे तुला आणि मला दोघींना माहीत आहे. म्हणून करू नकोस. यायचं असेल तर ये. माझ्याबरोबर चल असं म्हणत नाही. समितीच्या कार्यालयासमोर एक थांबा आहे, तिथे उभी राहिलीस तरी चालेल. नाही आलीस तरी मी जाणार आहे.

सुनावणी चोवीसला आहे, पण कागद त्याआधी द्यायचे असतात. मी विचारून आले आहे. अकरा वाजता खिडकी उघडते, मूळ चिठ्ठी तिथे शिक्का मारून घेतात आणि पोच देतात. मी गुरुवारी जाणार, तेरा फेब्रुवारीला, सकाळी अकराला.

तू शिकवलेली,
तुझी धाकटी